डावी काच पुन्हा अर्ध्यात: हँडलची पॉवर विंडो केल्यावर दर पावसाळ्यात येणारी अडचण

"अरे, ही परत बसली बघ."

आईचं हे वाक्य मी तीन पावसाळे ऐकलं. जागाही बहुतेक तीच, विटाव्याच्या रेल्वे पुलाअलीकडची गाड्यांची रांग. बाहेर झिमझिम, आत सगळ्या काचा धुरकटलेल्या. आईने वारा यायला म्हणून डावी काच चार बोटं खाली घेतलेली, आणि आता ती वर येत नाही. मी माझ्या बाजूचं बटण दाबतो. बटणाचा टक् आवाज, बाकी शांतता. शेजारून जाणारा टेम्पो आईच्या मांडीवर पाणी उडवून पुढे.

मी कळव्याला राहतो, रबाळे एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. रोज पॅनेल उघडायचे, वायरी शोधायच्या, कॉन्टॅक्टर बदलायचे, यावरच पोट. त्यामुळे गाडीच्या दोन काचांना मोटर बसवणं म्हणजे रविवारचा दुपारचा उद्योग, असा माझा समज होता. गाडी २०११ ची हॅचबॅक, सगळ्यात खालचं मॉडेल, चारही दारांना हँडल. आईच्या मनगटात संधिवात, हँडल फिरवताना तिचा चेहरा बघवत नव्हता. नोव्हेंबरात सोसायटीच्या पार्किंगमध्ये पुढच्या दोन्ही दारांना मोटर, वायरी आणि बटणांचं किट बसवलं. मेपर्यंत काच अशी सुळकन जायची की येणाऱ्याजाणाऱ्याला मी दाखवत सुटलो होतो. मग जून आला.

पहिल्या पावसाळ्यात मी फ्यूज बदलला. जुना शाबूत होता तरी बदलला, आणि वीस अँपिअरच्या जागी तीसचा टाकला. कारखान्यात माझ्या हाताखालच्या पोराने हे केलं असतं तर मी त्याला दिवसभर सुनावलं असतं. दुसऱ्या पावसाळ्यात डावी मोटर बदलली. तिसऱ्याला डाव्या दाराचं बटण. आणि गंमत म्हणजे प्रत्येक वेळी काच चालू झाली! पंधरा दिवस, कधी महिनाभर. मग पुन्हा विटावा, पुन्हा "परत बसली".

ही अडचण पुन्हा पुन्हा का येते त्याचं उत्तर इथेच होतं. फ्यूज असो, मोटर असो की बटण, प्रत्येक दुरुस्तीत मी दार सताड उघडत होतो, आत हात घालत होतो, वायरी ओढत होतो. त्या ओढाओढीत तुटकी वायर तात्पुरती टेकत होती. श्रेय मात्र नव्या मोटरीला. तुमची काचही गॅरेजमधून आल्यावर काही दिवस चालते आणि मग बसते, असं होत असेल तर नवीन भाग विकत घ्यायचं आधी थांबवा.

खरं निदान आईनेच केलं होतं, मी ऐकलं नाही. ती म्हणाली होती, "माझ्या बटणाने खाली जाते रे, वर येत नाही. तुझ्या बटणाने तर काहीच होत नाही." मला ती तक्रार वाटली. ते मोजमाप होतं.

ते कसं, हे कळायला आतली जोडणी समजून घ्यावी लागते. काचेच्या मोटरीला दोनच वायरी असतात. एकीला प्लस आणि दुसरीला अर्थ, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडलेला बॅटरीचा मायनस, दिला की काच वर, उलट केलं की खाली. बटण दाबलेलं नसताना दोन्ही वायरी अर्थला टेकून असतात. आता डाव्या दाराच्या मोटरीला दोन बटणं आहेत, एक तिच्या दारावर आणि एक ड्रायव्हरकडे. साध्या किटमध्ये डाव्या दारावरच्या बटणाला पाच वायरी येतात. एक थेट प्लस, दोन मोटरीकडे जाणाऱ्या, आणि दोन ड्रायव्हरच्या मुख्य बटणाकडून येणाऱ्या. डाव्या दाराला स्वतःचा अर्थ नसतोच. आईने तिचं बटण दाबलं की प्लस तिच्या दारातच मिळतो, पण करंट परत जातो तो त्या दोन वायरींपैकी एकीतून, डॅशबोर्डखालून पलीकडे, ड्रायव्हरच्या बटणातून अर्थला. म्हणजे डावी काच डाव्या बटणाने चालवतानासुद्धा उजव्या दारातलं बटण कामात असतं. हे मला तीन वर्षं सुचलं नव्हतं.

आता त्या दोनांतली एक वायर तुटली असं धरा. ड्रायव्हरच्या बटणाला दोन्ही वायरी लागतात, एकीतून जायला आणि दुसरीतून परतायला, त्यामुळे तिकडून काच दोन्ही दिशांना मेलेली. आईच्या बटणाला मात्र एका दिशेला एकच वायर लागते. जी शाबूत आहे तिची दिशा चालणार, दुसरी नाही. खाली जाते, वर येत नाही, ड्रायव्हरकडून काहीच नाही. आईचं वाक्य शब्दशः.

याच हिशेबाने बाकीच्या खुणाही लावता येतात. ड्रायव्हरकडून काच दोन्ही दिशांना चालते आणि तिच्या स्वतःच्या बटणाने एकाही दिशेला नाही, तर त्या दारात येणारा प्लस तुटलाय. दोन्ही बटणांनी, दोन्ही दिशांना काहीच नाही आणि ड्रायव्हरची काचही बंद, तर मुख्य बटणाचा अर्थ किंवा सगळ्यांचा फ्यूज-रिले (रिले म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट जोडणारा स्विच) बघा, दारं उघडूच नका. एकच काच दोन्ही बटणांनी मेली असेल आणि बाकी ठीक, तेव्हाच मोटरीवर संशय घ्यावा, आणि तेव्हाही आधी तिचा प्लग काढून बॅटरीवरून थेट दोन वायरी लावून बघाव्यात. माझी ‘खराब’ म्हणून काढलेली मोटर अशीच लावून बघितली, तर ती टेबलावरून उडी मारायच्या बेताला आली. काही महाग किटमध्ये बटण फक्त इशारा देतं आणि मोटर मॉड्यूल चालवतं, त्यांना हा हिशेब लागू नाही.

मग वायर तुटली कुठे? इथे मल्टिमीटरने मला फसवलं. मोटरीच्या प्लगवर मीटर लावला तर बारा व्होल्ट दाखवायचा, म्हणून मी मोटरीला दोष देत बसलो. पण मीटर जवळजवळ करंट घेतच नाही. वायरीतली शेवटची एक तार शिल्लक असली तरी तो बारा दाखवतो. त्याऐवजी इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब घ्या, होल्डरला दोन वायरी जोडा. हा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, मरायला टेकलेली वायर त्याच्यापुढे लगेच उघडी पडते.

तिसऱ्या पावसाळ्यातल्या एका रविवारी मी डाव्या दाराचा पॅड, म्हणजे आतलं आवरण, काढला, मोटरीचा प्लग सोडवून त्या जागी बल्ब जोडला आणि आईला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा. "ब्रेक दाबू का?" म्हणाली. म्हटलं, फक्त डाव्या काचेचं बटण धरून ठेव. आणि मी दार हळूहळू उघडत-मिटत गेलो. दार अर्धं उघडं असताना बल्ब लख्ख. पूर्ण उघडलं की फडफड. मिटत आणलं की गेला.

म्हणजे बिजागरी. दार आणि गाडीच्या खांबामध्ये जी घडीची रबरी नळी असते, तिच्यातून वायरी जातात. माझ्या गाडीला या मॉडेलात दारात वायरच नव्हती, त्यामुळे कंपनीची नळीही नव्हती, भोकाला नुसतं रबरी झाकण होतं. किटसोबत आलेली नळी सगळ्या गाड्यांना चालेल अशी, म्हणजे कुठल्याच गाडीला घट्ट न बसणारी. मी ती ढकलून बसवली होती आणि वर काळी टेप. नळी खांबाकडून सोडवली तेव्हा चमचाभर पाणी पायावर आलं. आतली निळी वायर बाहेरून अगदी नवी दिसत होती. बोटांत धरून वाकवली तर एका जागी दोऱ्यासारखी लुळी पडली. वरचं प्लास्टिक कापलं, आत तांब्याऐवजी हिरवी भुकटी आणि दोन-तीन तारा.

आणि ती तुटली होती नेमकी मीच सोल्डर मारलेल्या जागेच्या कडेला. किटची वायर तोकडी पडली म्हणून मी नळीच्या आतच जोड दिला होता, छान कथील पाजून. सोल्डरने वायर तेवढ्या भागात सळईसारखी कडक होते. दार दिवसातून दहा वेळा उघडतं, वाकायचं ते सगळं त्या कडक भागाच्या काठावर वाकतं आणि तिथेच एकेक तार तुटत जाते. कारखान्यात हलणाऱ्या केबलला जोड देऊ नये हे मी नव्या मुलांना शिकवतो. शिकवतो खरा.

दुरुस्ती अशी केली. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला भंगारच्या दुकानांत याच गाडीच्या वरच्या मॉडेलचं दार उघडं पडलेलं मिळालं, त्याची कंपनीची रबरी नळी काढून घेतली. ती दोन्ही टोकांना खाचेत टक्कन बसते, टेप लागत नाही. नळीतून जाणाऱ्या सगळ्या वायरी बारीक तारांच्या, मऊ, सलग घेतल्या. जोड सगळे गाडीच्या आत, पायाजवळच्या पॅनेलमागे, थिंबल (वायरीवर दाबायची धातूची टोपी) दाबून आणि वर हीट श्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळणारी नळी. नळीत शिरण्याआधी दोन्ही बाजूंना वायरीला खाली झोळ दिला, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळलं तरी झोळाच्या तळाशी टपकतं, आत चढत नाही. वायर ताणून घेऊ नका. दार पूर्ण उघडं ठेवून, वर दोन बोटं जास्तीची सोडूनच लांबी ठरवा.

काच चालू झाली. पण कुथत. खालून वर जायला अकरा सेकंद, तेही इंजिन चालू असताना. ही दुसरी भानगड, आणि माझ्या मते घरी बसवलेल्या बहुतेक किटची हीच असते, फक्त लोक ‘लोकल मोटर आहे, अशीच चालणार’ म्हणून सोडून देतात.

इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मोजलं तर १४.१ व्होल्ट. काच वर जात असताना मोटरीच्या प्लगवर ११ च्या आसपास. तीन व्होल्ट वाटेत गायब! किटच्या वायरी पाऊण चौरस मिलिमीटरच्या. तेवढ्या जाडीच्या तांब्याला मीटरमागे साधारण ०.०२३ ओहम रोध असतो. बॅटरीपासून डाव्या दारापर्यंत, तिथून मोटर, मग पलीकडे मुख्य बटण आणि अर्थ, अशी वाट आठ मीटरची होते. मोटर आठ अँपिअर घेत असेल तर दीड व्होल्ट नुसता वायरीत जातो. उरलेला दीड कुठे गेला ते अर्थचा स्क्रू बघितल्यावर कळलं. मी तो डॅशबोर्डखालच्या रंगवलेल्या पत्र्यात पत्र्याच्या स्क्रूने आवळला होता. रंगावर अर्थ. आता तो कंपनीच्याच अर्थच्या बोल्टवर घेतलाय, खालचा रंग खरवडून, लगला, म्हणजे वायरीच्या टोकाच्या कडीला, वरून थोडं पेट्रोलियम जेली लावून.

मुख्य प्लस आणि अर्थ अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरीने नव्याने ओढले, दारांतल्या वायरी दीडच्या. प्लस थेट बॅटरीवरून, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज, मग रिले. रिलेच्या ३० नंबरच्या पिनला हा प्लस, ८७ वरून बटणांकडे, ८६ ला इग्निशन, ८५ ला अर्थ. इग्निशनच्या वायरीवर फक्त रिलेची गुंडाळी चालते, मोटरीचा भार नाही. सिगारेट लायटरच्या वायरीला टाचणी मारून किट जोडणारे मी पाहिलेत. दोन्ही काचा एकदम वर घेतल्या की त्या वायरीचं काय होतं ते सांगायला नको. फ्यूज परत वीसचा केला. फ्यूज वायरीला वाचवायला असतो. पाऊण चौरस मिलिमीटरच्या वायरीला तीसचा फ्यूज लावला, तर आधी वायर जळते आणि मग फ्यूज विचार करतो.

आता काच पाच सेकंदांत वर जाते.

कामावरच्या एका मित्राच्या गाडीत वेगळाच प्रकार होता. सकाळी काच चालायची, पाच-सहा वेळा वरखाली केली की बंद, दहा मिनिटांनी पुन्हा चालू. तो बटण बदलायला निघाला होता. बऱ्याच मोटरींच्या आत जास्त तापल्यावर करंट तोडणारी सोय असते. थंड झाली की आपोआप जोडते. म्हणजे मोटर स्वतःला वाचवत होती, प्रश्न ती तापते का हा होता. मोकळ्या काचेला मोटर पाच-सात अँपिअर घेते, अडकलेल्या काचेला वीसच्या वर जाते. त्याच्या काचेच्या दोन्ही बाजूंची मखमल लावलेली रबरी चॅनेल कडक झाली होती, आत घोडबंदर रोडची सगळी धूळ. ओल्या फडक्यात पट्टी गुंडाळून चॅनेल आतून पुसून काढली, वाळू दिली आणि सिलिकॉन स्प्रे मारला. ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नका, ते रबर फुगवतं आणि धुळीचं पीठ मळून ठेवतं. काच एका बाजूला तिरकी होऊन अडत असेल तर ती वरखाली करणाऱ्या मशीनला, म्हणजे रेग्युलेटरला, जिथे धरली आहे ते बोल्ट ढिले करा, काच पूर्ण वर नेऊन दोन्ही चॅनेलमध्ये नीट बसू द्या आणि तशीच बोल्ट आवळा.

ज्यांनी अजून किट बसवलेलं नाही त्यांच्यासाठी यातून एक सोपी परीक्षा निघते. आधी जुन्या हँडलने काच एका हाताने, दोन बोटांत धरून फिरवून बघा. जोर लावावा लागत असेल तर तशी काच मोटरीच्या गळ्यात मारू नका. चॅनेल आधी.

हँडल काढायला बाजारात हत्यार मिळतं, पण जुन्या पंचाची पट्टी पुरते. हँडलच्या मागे, पॅडला लागून, ती पट्टी घालायची आणि चपलेला पॉलिश करतात तशी दोन्ही टोकं आळीपाळीने ओढायची. आतली इंग्रजी सी सारखी क्लिप पट्टीत अडकून सुटते. सुटते म्हणजे उडते. माझी पहिली क्लिप तिसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या स्कूटरखाली गेली, दुसरी अजून सापडलेली नाही. बॅटरीचा मायनस आधी काढा, आणि मशीनचे बोल्ट सोडण्याआधी काच पूर्ण वर नेऊन दाराच्या चौकटीवरून पॅकिंग टेपने दोन्ही बाजूंना चिकटवा. नाहीतर ती गिलोटिनसारखी खाली येते.

पॅडच्या मागे पारदर्शक प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. गॅरेजवाले तो सर्रास टरकावून फेकतात, मीही अर्धा फाडलाच होता. काचेच्या बाहेरच्या रबराला ओलांडून पाणी दाराच्या आत जातंच, ते तसंच बनवलेलं असतं, खालच्या भोकांतून निघून जावं म्हणून. तो कागद त्या पाण्याला पॅडपासून आणि बटणापासून दूर ठेवतो. फाटला असेल तर जाड प्लास्टिक कापून काळ्या चिकट ब्युटाइल रबराच्या पट्टीने नवीन लावा आणि त्याचं खालचं टोक दाराच्या आतल्या बाजूला वळवा. आणि दाराच्या तळाची भोकं काडीने मोकळी करा. दार उघडताना आत खळखळ वाजत असेल तर ती भोकं चिखलाने बुजली आहेत आणि तुमची मोटर पाण्यात उभी आहे.

एक धोका मात्र राहतो. या स्वस्त किटना हात मध्ये आला तर थांबायची अक्कल नसते. भाचा गाडीत असला की मी किल्ली काढूनच खाली उतरतो, रिले इग्निशनवर असल्याने मग बटणं मेलेली असतात.

मागच्या दारांना मोटर बसवू का, असं गेल्या दिवाळीत विचारलं तर आई नको म्हणाली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला, तेव्हा बंद गाड्यांमध्ये माणसं गुदमरून गेली, हे तिच्या डोक्यातून जात नाही. विटाव्याच्या पुलाखाली पाणी भरलं की ती आजही तेच काढते. पाण्यात वायरिंग कधी दगा देईल सांगता येत नाही, आणि हँडलची काचसुद्धा पाणी काचेपर्यंत चढायच्या आतच उघडायला हवी, नंतर दाबामुळे तीही जड जाते. पण तेवढा वेळ तरी मिळतो, हे तिचं म्हणणं मला खोडता आलं नाही. मागची दोन्ही हँडलं जागेवर आहेत, ग्लव्ह बॉक्समध्ये काच फोडायचा हातोडा आहे, आणि पुढच्या दारांची काढलेली हँडलं तिने एका पिशवीत घालून सीटखाली ठेवली आहेत. आता ती कशालाच बसत नाहीत, हे मी सांगून बघितलं.